नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

शिक्षकाच्या घरी मूल जन्माला आले की बारशाचा प्रश्न इतरांच्या घरापेक्षा अधिक बिकट होतो. बारा वर्षांपूर्वी आमच्या घरी मुलगी झाली तेव्हा याचा पुरता प्रत्यय आला. नातेवाइकांनी नावांच्या याद्या पाठविल्या, पंचांगातून आद्याक्षरे काढून झाली. सुचविलेली नावे एकाहून एक चांगली होती. परंतु प्रत्येक नावामागून वर्गातला कोणता ना कोणता चेहरा डोकावू लागला. एका नावाची मुलगी परीक्षेत कॉपी करताना सापडलेली, दुसऱ्या नावाची सदैव मागच्या बाकावर बसून जांभया देणारी, आणि तिसऱ्या नावाची इतकी हुशार व इतकी दुर्दैवी की ते नाव उच्चारताना आजही घशाशी काही अडकते. पत्नी बँकेत नोकरीस असल्यामुळे तिच्या मनातील नकारांची यादी माझ्याहून लांब होती. अखेर आम्हा दोघांच्याही ओळखीत जे कोणाचेच नव्हते असे एक नाव आम्ही शोधून काढले. म्हणजे नाव आवडले म्हणून ठेवले असे नव्हे, त्याच्याविषयी मनात काहीच नव्हते म्हणून ठेवले! आज तेच नाव मला जगातील सर्वांत गोड नाव वाटते, आणि त्या नावाची एखादी विद्यार्थिनी वर्गात आलीच तर तिची उत्तरपत्रिका मी किंचित सौम्य नजरेने तपाशीन की काय, अशी भीतीही वाटते.

नावाचा कोशातील अर्थ एक असतो आणि माणसांच्या मनातील अर्थ दुसरा. मराठी भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली असावी. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. आपण मुलाला नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. मूल मोठे होऊन घराण्याचे नाव काढते किंवा घालवते. नवी नवरी चारचौघांत आग्रह झाल्यावर उखाण्यातून नाव घेते. मागील पिढीतील स्त्री मात्र एरवी ते नाव जन्मभर तोंडातून काढीत नसे. सासऱ्याचे नाव तर सर्वथा वर्ज्य. आजोबा-पणजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल होतीच. पण व्रात्य नातवाला रागे भरताना त्या थोर नावाचा उद्धार कसा करावयाचा, आणि सुनेने तर ते उच्चारावयाचेही कसे? त्यावर घराघरांनी बाळ, नाना, बापू, अण्णा, तात्या असा तोडगा काढला. लोकमान्य टिळकांचे ठेवलेले नाव केशव. पण घरातील 'बाळ' हेच पुढे साऱ्या देशाच्या तोंडी बसले. नावातील भावना इतकी प्रबळ की ती सांभाळण्यासाठी मूळ नावच बाजूला ठेवावे लागले.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. नावामुळे माणसाची किंमत ठरते, आणि किंमत हा आमचा विषय आहे. अमेरिकेतील बोस्टन व शिकागो या शहरांत बर्ट्रंड व मुल्लैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठविले. पात्रता तीच, फक्त काही अर्जांवर गोऱ्यांत आढळणारी नावे व काहींवर कृष्णवर्णीयांत आढळणारी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार गोऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. आपल्याकडे सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी असाच प्रयोग करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतही तीच कथा. दलित नावाच्या अर्जदाराला उच्चवर्णीय नावाच्या अर्जदारापेक्षा कमी बोलावणी, मुस्लिम नावाच्या अर्जदाराला त्याहूनही कमी. मात्र याच्या उलट बाजूचाही एक पुरावा आहे. फ्रायर व लेव्हिट यांनी २००४ सालीच कॅलिफोर्नियातील जन्मनोंदी तपासून असे दाखविले की, जन्मवेळची घरची परिस्थिती हिशेबात घेतली तर नावाचा स्वतंत्र परिणाम पुढील आयुष्यावर फारसा दिसत नाही. म्हणजे दार उघडताना नाव नडते. पण आयुष्य घडते-बिघडते ते नावामागील घरामुळे. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. माझ्यापुरते म्हणाल तर ते मला निबंधांतून नव्हे, हजेरीपटावरून कळले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गाची हजेरी घेत होतो. प्राध्यापकाला हजेरीपट वाचून पिढी ओळखता येते. आमच्या वेळी एका वर्गात तीन संदीप आणि चार मनीषा असत, आमच्या वडीलभावांच्या वर्गात संजय व सुनील असत, आता वेदांत, ओम, श्रावणी आणि आर्या यांची गर्दी आहे. त्या गर्दीतून सराईतपणे खाली उतरत असताना एका नावापाशी अडखळलो. नाव होते नकुसा. मी ते उच्चारले, पण आवाज खाली आला. मागच्या बाजूस कोणी तरी हसले. तिसऱ्या रांगेतून एक शांत 'हजर सर' ऐकू आले. दुसऱ्या दिवसापासून मी सबंध वर्गाची हजेरी नावाऐवजी क्रमांकाने घेऊ लागलो. आपण मोठे सौजन्य दाखवीत आहोत, असे मला वाटले होते.

वाचकांपैकी जे पश्चिम महाराष्ट्रातील आहेत त्यांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहणाऱ्या घरात तिसरी किंवा चौथी मुलगीच झाली की तिचे नाव नकुसा, नकुशी किंवा नकोशी ठेवावयाचे. असे नाव ठेवले म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी समजूत. तथापि या नावाचा विचार करताना आपल्याकडील हलक्या अर्थाच्या इतर नावांशी त्याची गल्लत होण्याचा संभव आहे. ती होऊ नये म्हणून थोडे मागे जावे लागेल.

धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकू, कोंडाजी ही नावे आपल्या समाजात शतकानुशतके चालत आली आहेत. ज्या घरात मुले जगत नसत तेथे नव्याने जन्मलेल्या मुलाला असे नाव मिळे. कोठे मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवीत, कोठे शेजारणीला देऊन पसाभर कोंड्याच्या मोबदल्यात परत विकत घेत. हेतू एकच. हे मूल कवडीमोलाचे आहे, इकडे पाहू नका, असे मृत्यूला आणि दृष्ट लावणाऱ्यांना सांगावयाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या पाच मुलांपैकी साधारण एक मूल वर्षाच्या आत दगावत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावांना हसू येत नाही. डॉक्टर नाही, लस नाही, हाती पैसा नाही. मग उरतो तो नावाचा विमा. मौज एवढीच की या विम्याचा हप्ता आईबाप भरीत नसत, तो मुलाला जन्मभर भरावा लागे. आज महाराष्ट्रात हेच मृत्यूचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी सोळावर आले आहे, आणि बारशाला धोंडू हे नाव गेल्या कित्येक वर्षांत माझ्या कानी आलेले नाही. समाजसुधारकांच्या उपदेशाने जे झाले नसते ते देवीच्या लशीने आणि स्वच्छ पाण्याने केले.

या नावांत भावना उलटी लपविलेली असे. ओठांवर दगड आणि पोटात जीव की प्राण. म्हणूनच धोंडो केशव कर्वे हे नाव घेताना आपल्याला धोंडा आठवत नाही, हिंगण्याची संस्था आठवते. पुण्यात तर याहून चांगले उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. ज्या गणपतीपुढे दर्शनासाठी लांबच लांब रांगा लागतात त्याच्या नावात 'श्रीमंत' आणि 'दगडू' हे शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि यात काही विसंगत आहे असे रांगेतील कोणाला वाटत नाही. कर्तृत्वाने आणि काळाने त्या दगडाला शेंदूर फासला.

परंतु सर्वच दगडूंच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे किळस यावी असे असावे, असा तो दंडक आहे. तेव्हा सुखवस्तू घरातील धोंडोपंत हे एक प्रकरण आणि गावकुसाबाहेरील धोंड्या, दगड्या, कचऱ्या हे दुसरे. पहिल्यात मृत्यूला फसविण्याची युक्ती होती, दुसऱ्यात गावाने केलेली किंमत होती. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याची सारी मांडणीच दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन नावांमधील संवाद म्हणून केलेली आहे. शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया आणि त्याने मागे टाकलेला, पण सुटता न सुटणारा दगडू! १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा ही नावे झपाट्याने पसरली, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानात येतो. तो नावांच्या आवडीनिवडीतील बदल नव्हता. इतरांनी ठरविलेली किंमत नाकारण्याचा तो सामुदायिक निर्णय होता.

आता नकुसाकडे येऊ. वरकरणी हे नाव धोंडूच्याच जातकुळीचे दिसते. हलके नाव, आणि त्यामागे देवाशी केलेला काही तरी व्यवहार. पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. धोंडू हे नाव खोटे होते, आणि ते खोटे आहे हे घरातील सर्वांना ठाऊक होते. नकुसा हे नाव खरे आहे. धोंडूचे नाव धोंडूच्या भल्यासाठी ठेवलेले असे. नकुसाचे नाव अजून जन्माला न आलेल्या भावाच्या भल्यासाठी ठेवलेले असते. तिच्या कपाळी जो निरोप लिहिला तो तिच्यासाठी नव्हताच, ती केवळ पोस्टकार्ड!

या प्रश्नाकडे सरकारदरबारी लक्ष गेले ते २०११ साली. सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याने गावोगाव शोध घेऊन अशा मुलींची यादी केली, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक अपूर्व बारसे झाले. २८५ मुलींना एकाच समारंभात नवी नावे मिळाली आणि त्यांची प्रमाणपत्रे हाती देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. काहींनी चित्रपटतारकांची नावे घेतली म्हणून तेव्हा काही सुशिक्षितांनी नाके मुरडली होती. मला त्यात गैर दिसले नाही. जिला जन्मभर 'नको' म्हणून हाक मारली गेली तिने सर्वांना हव्याशा वाटणाऱ्या स्त्रीचे नाव उचलले, यात कोणाचे काय बिघडले?

समारंभ चांगला झाला. पण हिशेब तेथे पुरा होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या आर्थिक पाहणीत एक प्रकरण पुत्रहव्यासावर होते, आणि त्यात देशातील नकोशा मुलींची संख्या सुमारे २ कोटी १० लाख अशी अंदाजली होती. मुलगा होईपर्यंत थांबावयाचे नाही या रिवाजाचा तो हिशेब आहे. वर्गात मी तो नाणेफेकीने समजावून सांगतो. नाणे खोटे नाही असे धरा. तरीही प्रत्येक कुटुंब मुलगा झाला की थांबणार असेल, तर मुलगे लहान कुटुंबांत वाढतील आणि मुली भावंडांच्या गर्दीत. कोणी मुद्दाम अन्याय न करताही मुलीच्या वाट्याचे दूध, वही आणि फी आपोआप कमी होते. त्याच पाहणीत असे दिसते की जेथे पहिले अपत्य हेच शेवटचे ठरले, तेथे दर १०० मुलींमागे १८२ मुलगे आहेत. निसर्गतः ते १०५ च्या आसपास असावयास हवेत. पहिली मुलगी झाली तर घर थांबत नाही, मुलगा झाला तर थांबू शकते, एवढाच याचा अर्थ. नकुसा हे नाव या रिवाजाची गावठी नोंद आहे. शहरात ही नोंद ठेवीत नाहीत, इतकेच.

आणि शहरात ती का ठेवीत नाहीत, हा प्रश्न पुणेकरांनी स्वतःला विचारावा असा आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्यानंतरच्या जनगणनांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ अशी उतरत गेली. ज्या घरांत सोनोग्राफीचे पैसे होते त्या घरांना नकुसा हे नाव ठेवण्याची वेळच आली नाही. माणदेशातील अडाणी म्हातारीने नको असलेल्या नातीला निदान जन्म घेऊ दिला आणि मनातले तोंडावर सांगितले. तिला नावे ठेवण्यापूर्वी शिकल्या-सवरल्यांनी आपल्या इमारतीतील मुले मोजून पाहावीत.

वर्धा जिल्ह्यातील पिंपरी मेघे येथे १९४८ साली जन्मलेल्या एका नकोशा मुलीला घरी चिंधी म्हणत. हीच मुलगी पुढे सिंधुताई सपकाळ म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली; शेकडो अनाथांची आई झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात वारली. तिचे उदाहरण व्याख्यानांतून नेहमी देतात. मला मात्र त्या उदाहरणाचा थोडा धाक वाटतो. एका चिंधीची सिंधुताई झाली म्हणून बाकीच्यांना 'तुम्हीही व्हा' असे सांगणे सोपे जाते.

नाव बदलले की माणूस सुखी होतो, हे तरी खरे कशावरून? महाराष्ट्रातील स्त्रियांना नाव बदलण्याचा अनुभव भरपूर आहे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुना. अण्णासाहेब कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई त्या दिवसापासून आनंदीबाई झाल्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. यमुना, गोदा या नावांत वाईट काय होते? काहीच नाही. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले, आणि बारा-पंधरा वर्षे ज्या नावाला ती मुलगी ओ देत होती ते नाव त्या ताटातच राहिले.

माझ्या आईचेही नाव लग्नात बदलले. तिचे माहेरचे नाव मी येथे देत नाही, कारण तिने ते आम्हा भावंडांनाही कधी आपण होऊन सांगितले नाही. ती एकच गोष्ट हसत हसत सांगे. लग्नानंतरचे पहिले आठ दिवस सासूबाई स्वयंपाकघरातून नव्या नावाने हाक मारीत आणि ही माजघरात स्वस्थ बसून राही. ते नाव आपले आहे हे लक्षातच येत नसे. चौथ्या दिवशी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून चांगली आहे, पण कानाने जरा अधू दिसते." मामा पत्र पाठवी तेव्हा पत्त्याच्या बाजूला 'सौ.' लावून सासरचे नाव लिही, आणि आत मजकुराच्या आरंभी माहेरचे. ती पत्रे आईने पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. मामा गेला त्या दिवशी ती रडली नाही. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "आता त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही." १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. निर्णय स्तुत्य आहे. पण हा नियम माझ्या जन्मवेळी असता तर आईचे नेमके कोणते नाव लावावयाचे, असा पेच मला पडला असता.

हे सारे माझ्या मनात घोळत असतानाच ती विद्यार्थिनी एके दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घेण्यासाठी स्टाफरूममध्ये आली. इतर कोणी नव्हते, म्हणून मी विषय काढला. नाव बदलता येते, प्रतिज्ञापत्र करावयाचे, गॅझेटात छापून आणावयाचे. खर्चाची काळजी करू नकोस, असे मी तिला सांगितले. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, आजी आहे तोवर नको."

मी कारण विचारले. ही चौथी मुलगी. बारशाला बाप घरी नव्हता. नाव आजीनेच ठेवले, आणि सव्वा वर्षाने भाऊ झाला. तेव्हापासून हिचा पायगुण चांगला असे घरात ठरले. नकुसा हे नाव तिच्या घरी काहीसे मानाचे झाले! पुढे दहावीनंतर बापाने लग्नाची बोलणी सुरू केली तेव्हा त्याच आजीने अंगणातल्या दोन शेळ्या विकल्या आणि नातीला तालुक्याच्या गावी शिकायला ठेवले. "आजी 'नकुसे' म्हणून हाक मारते ना सर, तेव्हा ते नाव तसं वाटत नाही. बाहेरच्यांनी घेतलं की वाटतं." बँकेत खाते उघडताना कारकुनाने नाव मोठ्याने वाचले आणि रांगेतील लोक वळून पाहू लागले, तेही तिने सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. "नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा मी बघते. पहिल्या क्षणात कळतं, माणूस कसा आहे ते."

मला गप्प बसणे शक्य होते, पण मी विचारले, "मग माझ्याविषयी काय कळलं?"

ती थोडी घुटमळली. "तुम्ही नंबर पुकारायला लागलात तेव्हाच कळलं सर. सगळ्यांची नावं गेली माझ्यामुळं."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा नावाने हजेरी घेऊ लागलो. तिचे नाव इतरांच्याच आवाजात घेण्याची सवय व्हावयास मला आठवडाभर लागला. एक गोष्ट मात्र माझ्या आधी वर्गातील मुलींनी केली होती. त्यांनी त्या नावाचे परस्पर 'नकू' करून टाकले होते, आणि डबा उघडताना, वही मागताना, बसच्या रांगेत जागा धरताना सारखे 'नकू, नकू' चाललेले असे. कोशातील अर्थ त्या हाकेत कोठे शिल्लक होता, ते मला शोधूनही सापडले नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत तिची आजी वारली. पुढे काही महिन्यांनी तिने गॅझेटाचा कागद कार्यालयात आणून दिला. नवे नाव तिने स्वतःच निवडले होते. साधे, सोपे, तीन अक्षरांचे. ते का निवडले हे मी विचारले नाही. बापाला सांगितले होते की नाही, तेही विचारले नाही.

अंतिम वर्षाच्या गुणपत्रिका कार्यालयाच्या खिडकीवर वाटल्या जात होत्या. मी पलीकडे पगारपत्रकाच्या कामासाठी उभा होतो. लिपिकाने एक नाव पुकारले. कोणी पुढे आले नाही. त्याने पुन्हा पुकारले, मग चष्मा वर करून रांगेकडे पाहिले. ती चौथ्या क्रमांकावर उभी राहून मैत्रिणीशी बोलत होती. लिपिकाने गुणपत्रिकेवरील छायाचित्राशी चेहरा ताडून पाहिला आणि वैतागून विचारले, "काय हो, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"अगं नकू," मैत्रीण तिला ढकलीत म्हणाली, "तुलाच बोलावतायत!"

ती हसत पुढे झाली. नोंदवहीत सही करताना तिने 'न' काढला, तो खोडला, आणि शेजारी नव्या नावाची सही केली.